समुद्राला पंचवीस मिनिटं

१४ मार्च, मंगळवार

समुद्राला पंचवीस मिनिटं! सबंध इंग्लंड आडवं कापून समुद्रावर जायचं, आणि समुद्राला पंचवीस मिनिटं!

जुन्या इंजिनांच्या मंडळाच्या सभेला आज मी मागच्या खुर्चीत बसले होते. जानेवारीत गिल्बर्टच्या हृदयात ती बारीक जाळी बसवल्यापासून अंधार पडल्यावर मी त्याला गाडी चालवू देत नाही. तो सभेत, मी विणकामात — एवढाच बेत होता. पण ऑब्री प्लँट उठला आणि त्याने सप्टेंबरच्या सफरीचं वेळापत्रक वाचायला घेतलं. ऑब्री मंडळाचा चिटणीस. आवाज असा, की कॉफी प्यायलेल्या माणसालाही डुलकी यावी.

आपलं वाफेचं इंजिन, मागे डब्यांची रांग, आणि इथून थेट पूर्व किनाऱ्यावर स्केलनेसला. शेवटचे काही मैल तिथल्या हौशी मंडळींनी जपलेली जुनी रेल्वे — रूळ जवळजवळ वाळूतच जाऊन संपतात. माझ्या हातातली सुई थांबली. समुद्र!

मग पुढचं ऐकलं. वाटेत फोटोसाठी थांबे. पाण्यासाठी थांबे. मग चुन्याच्या खाणीत जाणारा एक फाटा. तिथे कैक वर्षांत प्रवासी गाडी गेलेली नाही. (जाईल कशाला?) म्हणून तिथे दीड तास! उरलं काय? समुद्राला पंचवीस मिनिटं.

मी हात वर केला. म्हटलं, एवढ्या वेळात बूट काढून होतील, परत घालून होणार नाहीत.

अध्यक्ष ब्रिंडली चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "मिसेस टनिक्लिफ, ही इंजिनाची सफर आहे. समुद्र तिथे योगायोगाने आहे."

सगळे पुरुष माना डोलावत होते. गिल्बर्ट आपल्या बुटांच्या नाड्या बघत होता.

योगायोगाने!

१५ मार्च, बुधवार

अजून राग उतरलेला नाही. सकाळी ओटकेक भाजताना दोन करपले.

आमच्या लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली. मधुचंद्र क्रू गावच्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात — खोली मागून घेतलेली, रुळांच्या बाजूची. त्यानंतरची प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या इंजिनघरात. जर्मनीत गेले तर काय पाहिलं? इंजिनं. वेल्समध्ये? लहान इंजिनं. समुद्र मी पाहिलाय तो माझ्या बहिणीबरोबर, नाहीतर गाडीच्या खिडकीतून. गिल्बर्ट शेजारी बसलाय आणि समोर समुद्र आहे, असं एकदाही नाही. कारण गिल्बर्ट कधी शेजारी बसलेलाच नसतो. तो पुढे, इंजिनावर, कोळसा टाकत.

आणि त्या इंजिनाचं नाव काय, तर 'अ‍ॅबेस'! मठाची मुख्य! नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते हे मी ऐकून होते. पण ती आमच्या रेव्हरंड मदरच्या हुद्द्याची असेल, आणि तिच्यासाठी तो दर शनिवारी चिंध्या आणि तेलाचा डबा घेऊन जाईल, हे कॉन्व्हेंटात कुणी शिकवलं नव्हतं.

पण आता डॉक्टरांनी फावड्याला हात लावायची बंदी केलीय. म्हणजे ह्या सप्टेंबरात पहिल्यांदाच तो प्रवासी. माझ्या शेजारच्या जागेवर. म्हणून मला ती दुपार हवी. एक बाक, एक नवरा, समोर समुद्र, आणि इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल. फार मागतेय का मी?

पंचवीस मिनिटांत बाकसुद्धा सापडायचा नाही.

२१ मार्च, मंगळवार

गाडीतल्या खाण्यापिण्याची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येईना. मी हात वर केला. आता मी समितीत आहे. देव त्यांचं भलं करो.

४ एप्रिल, मंगळवार

समितीची पहिली बैठक ऑब्रीच्या घरी. बसायला जागा नव्हती — प्रत्येक खुर्चीत जुन्या स्टेशनांचे दिवे. एक दिवा मांडीवर घेऊन बसले.

दोन तास चर्चा कशाची? पाण्याची. अ‍ॅबेसला वाटेत तीन ठिकाणी पाणी लागतं. कुठे टँकर येईल, कुठे अग्निशमनवाल्यांचा नळ, पाणी जड की हलकं, पोटात कीटण धरेल का. बाळंतिणीचीसुद्धा कुणी इतकी काळजी करत नाही. मग मी विचारलं, माणसांच्या चहाचं पाणी कुठे भरायचं?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीभर माणसं, पहाटे निघून रात्री परत, आणि चहाला पाणी नाही! मी चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरच्या दाराशी बसून लोकांना आत सोडायचं काम केलंय. पुरुषांची तोंडं उघडी राहिलेली मला नवीन नाहीत. पण इतकी रुंद पहिल्यांदाच पाहिली.

मग पुन्हा समुद्राचा विषय काढला. ब्रिंडली म्हणाला, खाणीचा फाटा हेच तर सफरीचं आकर्षण. ऑब्री म्हणाला, त्या फाट्यासाठी परवानगी मिळवायला त्याला तीन वर्षं लागलीत.

निघताना नॉर्मन ब्रिंडलीची बायको म्युरियल भेटली. ब्रिंडलीला न्यायला आली होती. इंजिनवाल्यांच्या बायकांचं अर्धं आयुष्य गाडीत बसून वाट बघण्यात जातं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पंचवीस पुष्कळ आहेत. गेल्या खेपेला समुद्राकाठी पोचलो तेव्हा अंधार होता. नॉर्मन मला म्हणाला, वास घे."

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

आज रागवायचं नाही असं ठरवलं होतं. तीनच्या प्रार्थनेपर्यंत टिकले.

घरी आल्यावर मी मासे साफ करत होते, गिल्बर्ट बटाटे सोलत होता. (शस्त्रक्रियेपासून तो स्वयंपाकघरात दिसतो. अजून सवय व्हायचीय.) म्हणाला, सफर होईल छान, पण परतीचं त्याला वाईट वाटतं. का? तर स्केलनेसला इंजिन फिरवायची सोयच नाही. अ‍ॅबेस जाताना तोंड पुढे करून जाईल, आणि येताना बिचारी उलट्या तोंडाने, कोळशाची गाडी पुढे करून, पाठमोरी ओढत येईल. वाटभर फोटो काढणारे उभे असतील. त्यांच्यासमोर!

मी सहज विचारलं, मग कुठेच वळवता येत नाही का?

येतं, म्हणाला. थोडं आत, शेतांमध्ये, रुळांचा एक त्रिकोण आहे. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने मागे सरकायचं, तिसऱ्या बाजूने बाहेर पडायचं — तोंड फिरतं. पण रिकामं इंजिन तिथवर न्यायचं, वाट मोकळी मिळेपर्यंत थांबायचं, परत आणायचं — आरामात तीन तास जातात. मग खाणीला वेळ उरणार नाही.

"आणि त्या तीन तासांत डबे कुठे असतात?" मी विचारलं.

"डबे कशाला हलतील? तिथेच. स्केलनेसच्या फलाटावर."

"आणि माणसं?"

गिल्बर्ट बटाटा हातात धरून विचार करायला लागला. माणसांचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता.

मी मासा उलटा केला. आज उपवास, मौन आणि पश्चात्ताप. म्हणून हसले नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

जिंकले!

एकदाही 'समुद्र' म्हणाले नाही. ब्रिंडलीने नेहमीचं 'आणखी काही?' विचारलं, तेव्हा म्हटलं, मला इंजिनातलं कळत नाही, एक बाळबोध शंका आहे. परतताना अ‍ॅबेस पाठमोरी येणार हे खरं का?

खोलीत अशी शांतता पसरली, जसं काही कुणाच्या तरी घरातलं झाकलेलं लफडं मी बोलून दाखवलंय.

ब्रिंडली म्हणाला, नाइलाज आहे.

मी म्हटलं, "असेलच. मी आपली बाईमाणूस. पण चाळीस वर्षं घासून-पुसून एखादीला नटवायची, आणि चारचौघांत निघाली की लोकांना तिची पाठ दाखवायची... दुसऱ्या मंडळाचे लोक काय म्हणतील, एवढंच मनात आलं."

दुसरं मंडळ म्हणजे शेजारच्या गावचं. गेल्या वर्षी त्यांचं इंजिन चढावर बंद पडलं, तेव्हापासून आमच्याकडे सण आहे. ते फोटो काढायला शिड्या घेऊन येणारच.

कुणीतरी पुटपुटलं, त्रिकोण आहे की. मी म्हटलं, त्रिकोण? ते काय असतं? मग सगळ्यांनी मिळून मला समजावलं. तीन जणांनी तीन कागदांवर काढून दाखवलं. मी मान डोलावत राहिले. समजावता समजावता त्यांचं त्यांनाच पटत गेलं! ब्रिंडली उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गृहस्थहो, अ‍ॅबेस मान वर करून परत येईल." हात वर झाले. सगळे. एक सोडून.

ऑब्री बिचारा. त्याचा हात मांडीवरच्या नकाशावर होता, खाणीच्या फाट्यावर. मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

समुद्राला तीन तास!

१९ एप्रिल, बुधवार

ऑब्री फोन उचलत नाही. एक फळांचा केक पाठवला.

२२ एप्रिल, शनिवार

केकचा डबा धुवून परत आला. आत चिठ्ठी — 'केक चांगला होता. खाणही चांगली होती.'

६ मे, शनिवार

दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि आपणच त्यात पडावं!

गिल्बर्टला डबा द्यायला इंजिनघरात गेले होते. अ‍ॅबेस अर्धी उघडी पडली होती, पोटातल्या नळ्या बाहेर, आणि पाच-सहा म्हातारे तिच्याभोवती, जसे वारस खाटेभोवती. ब्रिंडली आला. गिल्बर्टच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गिल्बर्ट, इंजिन वळवायला नेऊ ना, तेव्हा आमच्या डब्यात तुझी जागा राखलीय. फावडं नाही, नुसतं बसायचं. तू नसशील तर तिलाही करमायचं नाही."

इंजिनासोबत कामकऱ्यांचा एक डबा जातो. त्रिकोणावरही तो तिच्या मागे जाणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन कागदांवर त्रिकोण काढले, तेव्हा तो डबा एकानेही काढला नाही!

म्हणजे हिशेब असा : जे तीन तास मी समुद्रासाठी भांडून मिळवले, त्याच तीन तासांत माझा नवरा समुद्रापासून दूर, शेतात, तिच्याबरोबर. पंचवीस मिनिटं असती, तर निदान ती तरी माझी होती.

गिल्बर्ट काय म्हणाला? "बघू."

हा माणूस सगळ्याला 'बघू' म्हणतो. फादर मॅक्गर्कनी लग्नाची तारीख विचारली तेव्हाही 'बघू' म्हणाला होता. माझ्या वडिलांनी मग बघून घेतलं.

७ मे, रविवार

मी विचारणार नाही. विचारलं तर तो जाईन म्हणेल, नाहीतर माझ्याकडे बघून जाणार नाही म्हणेल. दोन्ही ऐकायचं नाही मला. त्याचं त्याने ठरवावं.

२० जून, मंगळवार

तिकिटं संपत आली. ऑब्रीला आश्चर्य वाटतंय, कारण अर्धी बायकांनी घेतलीत. मला वाटत नाही. जाहिरातीचा मजकूर मी लिहिला. त्याने लिहिलेल्या दोन परिच्छेदांखाली (चाकांचा व्यास वगैरे) मी एक ओळ टाकली — 'स्केलनेसच्या वाळूवर निवांत तीन तास.' म्युरियलने ती ओळ कापून फ्रिजवर चिकटवलीय म्हणे.

गिल्बर्ट अजून 'बघू'वरच.

२२ जुलै, शनिवार

पाऊस नाही. तीन आठवडे झाले, टिपूससुद्धा नाही. रस्त्याकडेचं गवत बिस्किटाच्या रंगाचं झालंय. गल्लीतले लोक उघड्या अंगाने खुर्च्या टाकून बसतात आणि देवाचे आभार मानतात.

आमच्या मंडळात मात्र सुतक. असंच कोरडं राहिलं तर इंजिनाच्या ठिणग्यांनी शेतं पेटतील, म्हणून वाफेच्या इंजिनांना बंदी येणार. गाडी जाईल, पण डिझेल लावून. आज इंजिनघरात 'डिझेल' हा शब्द कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. ब्रिंडली तर 'ते दुसरं' म्हणतो.

म्युरियलला म्हटलं, आपल्याला काय? डिझेलनेही समुद्र येतोच. ती म्हणाली, "अगं, डिझेल लागलं की निम्मे लोक तिकिटं परत करतील आणि सफर बुडेल. आणि नॉर्मन घरी बसेल. मला नॉर्मन घरी नकोय."

माझ्या मनात आणखी एक आलं. त्रिकोणाची गरज वाफेच्या इंजिनालाच. डिझेलला दोन्हीकडे तोंडं. अ‍ॅबेस नाही, तर वळवणं नाही. वळवणं नाही, तर तीन तासही नाहीत — ऑब्री परत खाण काढून बसेल!

म्हणजे मला अ‍ॅबेस हवी. जन्मात असं वाटलं नव्हतं, की हे वाक्य मी लिहीन.

१५ ऑगस्ट, मंगळवार

मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. प्रार्थनेनंतर मेणबत्ती लावली. फादर बाजूलाच उभे होते, म्हणाले, गिल्बर्टच्या तब्येतीसाठी ना? आता देवळात खोटं कसं बोलणार? म्हटलं, पावसासाठी.

फादरांचा चेहरा उतरला. येत्या शनिवारी चर्चची जत्रा आहे, मोकळ्या मैदानावर. सबंध धर्मग्राम कोरड्या हवेसाठी प्रार्थना करतंय. सगळे देव पाण्यात घालून बसलेत, आणि मी एकटी ते पाणी मागतेय!

मी म्हटलं, फादर, जत्रेपुरतं सोडून बाकी कधीही पडला तरी चालेल.

१९ ऑगस्ट, शनिवार

जत्रेतच पडला. धो धो. केकची टेबलं वाहून गेली. मी भिजले, ब्रास बँड भिजला, फादर माझ्याकडे बघत होते. ब्रिंडली छत्री मिटून भर पावसात नुसता उभा होता, जसा काही बाप्तिस्मा घेतोय.

बंदी येणार नाही. अ‍ॅबेस जाणार.

८ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या!

दिवसभर सँडविच. अंड्याचे, चीज-कांद्याचे, हॅमचे. किटल्या मोजल्या, पाणी भरलं. म्युरियल मदतीला आली होती, तिने नवीन स्कर्ट दाखवला — गुडघ्यापर्यंतच, पाण्यात जाता यावं म्हणून.

संध्याकाळी गिल्बर्ट बूट पॉलिश करत होता. मान खालीच. म्हणाला, "मी उद्या तुझ्याबरोबर थांबतो. नॉर्मनला सांगितलंय."

मी 'बरं' म्हटलं. एवढंच. कारण त्याचा आवाज असा होता, की जसं कुणी दात काढून घ्यायला तयार झालाय. असले आवाज मी चाळीस वर्षं ऐकलेत. माझ्यासाठी थांबतोय, मनातून नाही.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर इग्नेशियस म्हणायच्या, त्याग करणाऱ्याचं तोंड हसरं असलं पाहिजे. गिल्बर्टचं हसरं नव्हतं. बुटाचं होतं.

१० सप्टेंबर, रविवार

काल झोपायला इतका उशीर झाला की आज आठची प्रार्थना चुकली, दहाची गाठली. आता सगळं लिहिते.

अ‍ॅबेस सुरेख दिसत होती. खोटं कशाला बोलू! हिरवीगार, पितळ झळझळतंय, आणि शिट्टी अशी, की स्टेशनबाहेरचे कुत्रेही गप्प. सुटलो. चहा सगळ्यांना मिळाला. दोनदा! ऑब्री खिडकीला कपाळ लावून बसला होता. खाणीचा फाटा गेला तेव्हा त्याने टोपी काढली. त्याला हॅमची दोन सँडविच जास्त दिली.

गिल्बर्ट माझ्या शेजारी. सबंध रस्ता चुळबुळत. कधी उठ, कधी बस, कधी पट्टा सैल कर. मी म्हटलं, होणारच. चाळीस वर्षं पुढे उभा राहिलेला माणूस मागच्या गादीवर कसा टिकेल?

स्केलनेस. रूळ संपले तिथे खरंच वाळू! वारा, मीठ, बटाट्याच्या तळलेल्या कापांचा वास. बायका भराभरा उतरल्या, म्युरियल सगळ्यांच्या पुढे. आणि पुरुष? अ‍ॅबेस बाकी डब्यांपासून सुटी होऊन, कामकऱ्यांचा डबा घेऊन वळायला निघून गेली, तरी वीसेक जण फलाटावरच. ती जिथे उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघत!

आम्ही गेलो. बाक सापडला. अगदी समोर समुद्र, भरतीचा, करडा आणि चमकणारा. आइस्क्रीम घेतलं. मी बसले, गिल्बर्ट बसला. शेहेचाळीस वर्षांनी!

मी म्हटलं, छान आहे ना?

"छान आहे," गिल्बर्ट म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मोठा आहे."

आणि मग काही नाही. आइस्क्रीम संपलं. तो पाण्याकडे बघतोय, मग आजूबाजूच्या लोकांकडे, मग परत पाण्याकडे. तोंड उघडायचा, मिटायचा. कान लाल. हात गुडघ्यांवर घट्ट. एकदा उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला. इंजिनाबद्दल एक अक्षर नाही — मी मागितलं होतं तसंच. आणि मला काय कळलं? गप्प बसलेला गिल्बर्ट मला सहन होत नाही. इतकी वर्षं मी त्याच्या बडबडीवर चिडत आले, मला कधी दुसरा विषय शोधावाच लागला नव्हता. आता पंचाईत!

इतक्यात लांबून, मागच्या शेतांकडून, शिट्टी ऐकू आली. गिल्बर्टने मान वळवली. झालं. मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी इथे असा बसलाय, जसा शिक्षा झालेला पोरगा वर्गाबाहेर. आणि मी म्हणवते स्वतःला ख्रिस्ती.

उठले. रस्त्यावर टॅक्सी उभी होती, हात केला. गिल्बर्ट म्हणाला, "विनी, कुठे?"

"त्रिकोणावर," मी म्हटलं. "चल. उशीर झाला तर तोंड फिरलेलं असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पाण्याकडे. मग म्हणाला, "नक्की?"

"नक्की. मलाही बघायचंय."

टॅक्सीवाल्याने विचारलं, तिथे काय आहे? म्हटलं, शेत.

खरंच शेत होतं. मेंढ्या, कुंपण, आणि कुंपणापाशी शिड्यांवर चढलेले दुसऱ्या मंडळाचे लोक. आणि मग ती आली. एकटी, मागे एकच डबा. एका बाजूने वर चढली, थांबली, हुंकारली. मग मागे सरकत गेली, हळू, जशी आमच्या रेव्हरंड मदर प्रार्थनेहून निघताना वेदीला पाठ न दाखवता सरकायच्या. आणि तिसऱ्या बाजूने बाहेर आली ती तोंड समोर करून, सरळ आमच्याकडे, ऊन तिच्या कपाळावर. शिड्यांवरून खटाखट फोटो निघाले.

ब्रिंडली खिडकीतून वाकला होता. आम्हाला पाहिलं आणि टोपी उंच धरली. मी हात हलवला. हात काय, रुमाल हलवला! मला स्वतःलाच कळलं नाही कधी काढला. डोळ्यात पाणी आलं. कोळशाची कणी असेल.

गिल्बर्टला म्हटलं, खूश? तो म्हणाला, "तू खूश आहेस ना? मग झालं." आणि परत पट्टा सैल केला.

गाडीत बसलो तेव्हा म्युरियलचा स्कर्ट ओला, पायांना वाळू, केसांत वारा. म्हणाली, "काय गं, कुठे होता तुम्ही? पाणी इतकं सुंदर होतं." मी सांगितलं. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं शेवटचं शहाणं माणूसही हातचं गेलंय.

परतताना मी दमून गिल्बर्टच्या खांद्यावर डोकं ठेवलं. समुद्र काय, लिहून ठेवते, पाहिला. बारा-पंधरा मिनिटं तर नक्की. त्याग केला की मन हलकं होतं, सिस्टर इग्नेशियस बरोबर सांगायच्या. तोंडही हसरं होतं माझं.

११ सप्टेंबर, सोमवार

सोमवार, धुणं. गिल्बर्टची परवाची पँट झटकली. आत पोहायची चड्डी. निळी, नवीकोरी, दुकानाची चिठ्ठी अजून लटकतेय.

तशीच हातात धरून बागेत गेले. तो टोमॅटोला पाणी घालत होता. कान लाल झाले.

म्हणाला, डॉक्टरांना मेमध्येच विचारून ठेवलं होतं. कमरेपर्यंत चालेल म्हणाले. सकाळी निघतानाच आतून घालून घेतली. फक्त सगळ्या लोकांसमोर पँट काढायचा धीर होत नव्हता. बाकावर बसून तोच गोळा करत होता.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"होत आला होता धीर. तेवढ्यात तू टॅक्सीला हात केलास. इतकी खुलली होतीस, विनी. म्हटलं, बाईला एवढ्या वर्षांनी इंजिनाची गोडी लागलीय. मोडू कशाला?"

१२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळची गाडी, स्केलनेस. साधी, डिझेलची. मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. टॉवेल दोन घेतलेत.